तुटक्या तारेवरचे चौतीस आवाज

मी चंद्रपूरचा एक निवृत्त मास्तर. एकतीस वर्षे मुलांना गणित शिकवले. वजाबाकीत कोणती संख्या आधी मांडायची आणि कोणती नंतर, एवढ्यावरून मी किती पोरांचे कान धरले असतील त्याची मोजदाद नाही. त्याच मास्तराने सत्तरीला टेकल्यावर आधीचे नंतर आणि नंतरचे आधी मांडले, आणि एका गावाच्या आठ रात्रींच्या कष्टांवर बोळा फिरवला. ती हकीगत आज वाचकांपुढे ठेवतो आहे. स्वतःची फजिती चारचौघांत सांगण्याची हौस कुणाला असते? पण ह्या फजितीत एक मोठी उपयोगाची विद्या दडलेली आहे. आणि ज्यांच्या गावी दिवसातून दहा वेळा तार तुटते, अशा मंडळींना तर ती ठाऊक असलीच पाहिजे.

२०२४ सालच्या आषाढातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता. रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे माझी जुनी विद्यार्थिनी होती. एके काळी चंद्रपुरात वसतिगृहात राहून शिकलेली ही मुलगी आता एटापल्ली तालुक्यातल्या आपल्या गावी ग्रामसभेचे दप्तर सांभाळते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिने एकदम सुरुवात केली :

“सर, लॅपटॉप टिकटिक करून रायला जी.”

संगणकाच्या जुन्या धर्तीच्या डिस्कमधून टिकटिक येऊ लागली, की तिचे दिवस भरत आले असे समजावे. आज जाईल, की महिन्याने, हे कुणी सांगू शकत नाही. मी विचारले, “त्यातलं दुसरीकडे कुठे आहे का?”

“कुठीच नाही जी.”

एवढे बोलून ती थांबली, आणि मीही गप्प झालो. कारण त्या लॅपटॉपात काय होते ते मला माहीत होते.

दप्तरातले म्हातारे

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. दोनतृतीयांशांहून अधिक मुलूख वनाखाली. ह्या वनात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचा त्यावर हक्क काय, हा प्रश्न इंग्रजांच्या अमदानीपासूनचा. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. त्या नियमांत पुरावा कोणता चालेल त्याची यादी आहे. सरकारी कागद तर आहेतच; पण विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हीही पुराव्यात धरली आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, लिहून काढलेले निवेदनही धरले आहे. ज्या माणसाने उभ्या जन्मात कागदाला हात लावला नाही, त्याचे तोंडचे बोलणे हा पुरावा! धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलात बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, ही हकीगत वाचकांनी वाचली असेलच. त्यानंतर गावोगावच्या लोकांना आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीची किंमत कळू लागली.

माझ्या विद्यार्थिनीने दोन वर्षे खपून गावातल्या आणि शेजारच्या पाड्यांवरच्या चौतीस म्हाताऱ्या माणसांना बोलते केले होते. बोलणे माडिया भाषेत. कुठला नाला कुठून निघतो, कुठल्या डोंगरावर कुणाचे देव, कुठल्या मोहाखाली कुणाचे पूर्वज पुरले, गावाची शीव कुठल्या दगडाशी वळते, दुष्काळात कुठला कंद खाल्ला. एकेकाचे सुमारे तासाभराचे ध्वनिमुद्रण. लिहून काढण्याचे काम अर्धेच झाले होते. आणि चौतिसांतला पहिला आवाज ज्यांचा, ते गावचे भूमिया त्याच वर्षी पौषात वारले होते. त्यांना आता पुन्हा विचारायचे ते कुठे?

“एक प्रत तरी बाहेर ठेवायची होतीस!” असे मी म्हणणार होतो, पण जीभ चावली. माघात तिने पेन ड्राइव्हवर प्रत करून एस.टी.ने येणाऱ्या एका गाववाल्याच्या हाती माझ्याकडे धाडली होती. घरी लावून पाहतो, तर संगणक म्हणे, ही पाटी कोरी करू का? वाटेत भिजला, की घाईत उपटला, कोण जाणे. नवा घेऊन पाठवतो असे मी तिला म्हणालो होतो. माघाचा आषाढ झाला, तो पाठवायचा राहूनच गेला होता.

एस.टी. वेगवान, की तार?

येथे एक गमतीचा हिशेब सांगतो. चौसष्ट गिगाबाइटांचा पेन ड्राइव्ह खिशात घालून माणूस एस.टी.त बसला आणि चार तासांनी उतरला, तर त्याने सेकंदाला सुमारे साडेतीन कोटी बिट ह्या वेगाने माहिती वाहून नेली असे होते. आमच्याकडच्या किती खेड्यांना एवढी तार मिळते? म्हणून जंगलातली माहिती अजून पुष्कळशी हातानेच हलते. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभरच्या जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे टिपली. आमच्या ताडोबाच्या जंगलातही असे कॅमेरे लागतात. झाडाला बांधलेल्या त्या पेट्यांतली कार्डे माणसांनी पायी हिंडून काढायची, अशीच ही पद्धत. जुन्या काळी घुंगुरकाठी घेतलेला डाकहरकारा पळे, त्याचाच हा नातू म्हणायचा.

पण हरकाऱ्याचे दोन दोष त्याच्या नातवातही उतरले आहेत. एक म्हणजे पूर आला की तो अडतो. आणि दुसरा म्हणजे माल पोचला, पण धड पोचला की नाही, हे तो सांगू शकत नाही. त्या आषाढात गाव आणि एटापल्ली ह्यांच्यामधल्या नाल्याला पाणी होते. बरे, तो आजारी लॅपटॉपच खांद्यावर घालून खड्ड्यांतून आणावा, तर धक्क्याने वाटेतच राम म्हणायचा! म्हणजे मार्ग एकच उरला : मोबाइलची तार. ती गोटुलाच्या पडवीतल्या एका कोपऱ्यात, रात्री दहानंतर, मिळाली तर मिळे. वेग सेकंदाला दहा लाख बिट. आणि वीस-वीस मिनिटांनी ती तुटे.

आता गणित मांडू. तासाभराचे स्वच्छ ध्वनिमुद्रण म्हणजे सुमारे ३१ कोटी ७५ लाख बाइट. बाइटाचे आठ बिट. दहा लाखांच्या वेगाने ते जायला लागतात बेचाळीस मिनिटे. तार टिकते वीस मिनिटे. आपली नेहमीची पद्धत अशी, की मध्येच तुटले तर पहिल्यापासून सुरुवात. मग अशी फाइल किती दिवसांत पोचेल? वाचकहो, उत्तर सोपे आहे : कधीच नाही! वर्षभर पाठवत बसलात तरी नाही. रोज अर्धी विहीर चढून रोज तळाशी पडणाऱ्या बेडकाचे हे उदाहरण आहे.

तिने दोन रात्री हेच करून पाहिले होते. दोन रात्रींत एकही फाइल पोचली नव्हती.

कॅनबेराची युक्ती

पुण्याला माझा मुलगा संगणकाच्या धंद्यात आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, आरसिंक वापरा. तुटक्या तारेसाठीच आहे ते.” त्याने एका दूरच्या सर्व्हरवर, खोली भाड्याने घ्यावी तशी, थोडी जागा घेऊन दिली. मुलीने गावाहून माल त्या खोलीत टाकायचा आणि मी चंद्रपूरहून तो उचलायचा, असा बेत ठरला.

आता हे आरसिंक काय प्रकरण आहे? एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर न्यायची ही विद्या काही नवी नव्हे. तिचा पहिला सर्वमान्य करार एफटीपी ह्या नावाने १९७१ च्या एप्रिलात लिहिला गेला, आणि लिहिणारे होते आपले अभय भूषण. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीत शिकून ते अमेरिकेत एमआयटीला गेले होते. पुढे एफटीपीत एक उणीव जाचू लागली : तीत संकेतशब्द उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहावा तसा. १९९५ साली फिनलंडमधल्या तातू युलोनेन ह्यांनी, आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यावर संकेतशब्दांची चोरी झालेली पाहून, एसएसएच नावाची मोहोरबंद थैली बनवली. आणि १९९६ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या विद्यापीठातून अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस ह्या दोघांनी आरसिंक जाहीर केले. टेलिफोनच्या तारेवरून रखडत चालणारी जोडणी डोळ्यांपुढे ठेवूनच त्यांनी ते रचले. आज आरसिंक चालते ते बहुधा त्या एसएसएचच्या थैलीतूनच. फुकट मिळते, आणि साध्यात साध्या संगणकावरही चालते.

त्यातली युक्ती एका वाक्यात सांगता येईल : पलीकडे जे आहे ते पुन्हा पाठवू नका, फरक तेवढाच पाठवा.

वाचक म्हणतील, फरक काढायचा तर दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवायला नकोत काय? आणि त्या शेजारी ठेवता आल्या असत्या तर पाठवायची गरजच काय होती? हीच तर खुबी आहे. आमच्या मुलखातले उदाहरण देतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडावर पुडक्यांच्या रांगा लावतात. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांचे एक प्रमाण पोते. फडमुन्शी प्रत्येक पुडके सोडून पाने मोजत बसत नाही. तो रांगेवरून नजर फिरवतो. जिथे लक्ष द्यावेसे वाटते तिथले पुडके हाती घेऊन नीट पाहतो.

आरसिंक तेच करते. ज्या बाजूला जुनी किंवा अर्धवट प्रत आहे, ती बाजू आपल्या प्रतीचे सारखे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढते : एक झटपट काढता येणारी बेरीज, आणि एक कडक, सहसा न फसणारी खूण. फक्त ह्या खुणांची चिमूटभर यादी ती दुसऱ्या बाजूला कळवते. दुसरी बाजू आपल्या पूर्ण प्रतीवर एक चौकट ठेवून ती एकेक बाइट पुढे सरकवत जाते. झटपट बेरीज जुळली, की मगच कडक खूण तपासायची, आणि तीही जुळली, की निरोप धाडायचा, “तुझ्याकडचा सतरावा तुकडा जसाच्या तसा घे.” जे कशाशीच जुळत नाही, तेवढेच प्रत्यक्ष पाठवायचे.

चौकट एक घर सरकली म्हणून बेरीज पहिल्यापासून करावी लागत नाही. मागे राहिलेला आकडा वजा करा, पुढून आलेला मिळवा, झाले! हे मला कळले तेव्हा रात्री अकरा वाजता मी एकटाच “वा!” म्हणून ओरडलो. चौथीच्या मुलाला समजेल अशी गोष्ट, आणि तिच्यावर एवढे मोठे यंत्र उभे! शेवटी पोचलेल्या सबंध फाइलीची खूण दोन्हीकडे पडताळून पाहिली जाते. हरकाऱ्याला जे जमत नव्हते, ते असे जमले.

आमच्या कामी ह्याचा उपयोग असा, की वीस मिनिटांत पोचलेली अर्धी फाइल हीच पलीकडची ‘जुनी प्रत’ ठरते. तार पुन्हा लागली, की खुणा जुळवून उरलेलेच पुढे जाते. बेडूक आता जिथवर चढला तिथेच खुंटीला धरून बसतो!

काळी खिडकी

हे सारे करायचे ते काळ्या खिडकीत. तीत चित्र नाही, बटण नाही; नुसती एक मिचमिचणारी रेघ. पहिल्यांदा माणूस बिचकतो. पण ज्यांनी तारेचा फॉर्म भरला आहे, त्यांना ती परकी वाटू नये. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. पण तिचा धडा विसरू नये : शब्द थोडे, प्रत्येकाला मोल, आणि क्रम चुकला तर अर्थाचा अनर्थ.

आरसिंकचा हुकूम असा लिहायचा. पहिला शब्द आरसिंक. मग आडवी रेघ आणि तिला चिकटून सूचनांची अक्षरे. मग माल कुठून उचलायचा ते. आणि अखेरीस कुठे ठेवायचा ते. सूचनांतले ‘ए’ म्हणजे फोल्डराच्या पोटातल्या फोल्डरांसह सगळे, त्यांच्या तारखा-वेळांसकट घे. मोठ्या लिपीतला ‘पी’ म्हणजे तुटले तर अर्धा माल टाकून देऊ नको, आणि किती गेले ते दाखवत राहा. हे अक्षर विसरलात, तर आरसिंकही तुटलेली फाइल फेकून देते आणि सारी मौज संपते. ‘एन’ म्हणजे प्रत्यक्ष काही करू नको, काय करशील ते नुसते सांग. माझ्या मुलाने हे ‘एन’ तीनदा बजावले होते. आमच्या झाडीपट्टीत नाटकवाले एक वेळ जेवण चुकवतील, पण रंगीत तालीम चुकवायचे नाहीत. तशीच ही तालीम.

मुलगी हुशार. पहिल्या रात्रीच तिला सगळे उमगले. तार तुटली की अर्धा मिनिट थांब आणि पुन्हा लाग, अशी दोन ओळींची साखळीही तिने मुलाकडून फोनवर उतरवून घेतली. गोटुलाच्या पडवीत कंदील, मोबाइल आणि तो टिकटिकणारा लॅपटॉप मांडून ती बसे. पावसाच्या झडीने तार रात्री जेमतेम तीन तास मिळे. तीन तासांत चार फाइली. सकाळी तिचा निरोप यायचा : “चार.” दुसऱ्या दिवशी : “आठ.” आठव्या रात्री, पहाटे तीन वाजता निरोप आला : “चौतीस झाले जी सर!”

सर्व्हरवर चौतीस आवाज सुखरूप पोचले होते. आता मी ते चंद्रपूरला उतरवून घ्यायचे, एवढेच काम उरले होते.

मास्तरची वजाबाकी

सकाळी अंघोळ उरकून मी मोठ्या ऐटीत बसलो. घरच्या संगणकावर एक नवा, रिकामा फोल्डर केला. माझी प्रत सर्व्हरच्या प्रतीशी तंतोतंत जुळावी, एकही जास्तीची फाइल राहू नये, म्हणून कुठेतरी वाचलेली ‘डिलीट’ ही सूचना हुकमात घातली. तिचा अर्थ असा, की जे मूळ जागी नाही ते ठेवायच्या जागेवरूनही काढून टाक. मग कुठून आणि कुठे ही दोन नावे लिहिली.

उलटी लिहिली.

म्हणजे माझा रिकामा फोल्डर झाला मूळ, आणि चौतीस आवाजांचा फोल्डर झाला त्याची नक्कल! त्यात आणखी एक दैवदुर्विलास असा, की फोल्डराच्या नावापुढे मी नीटनेटकेपणासाठी तिरपी रेघ दिली होती. आरसिंकात त्या रेघेला अर्थ आहे. रेघ नसेल तर फोल्डर म्हणजे सबंध पेटी जाते. रेघ असेल तर पेटीतला फक्त ऐवज जातो. रेघ नसती, तर माझी रिकामी पेटी त्या खोलीत एका कोपऱ्यात निमूटपणे जाऊन बसली असती आणि बाकीच्याला धक्का लागला नसता. रेघेमुळे ‘काहीच नाही’ हाच ऐवज ठरला, आणि खोली त्याच्याशी जुळवून घेतली गेली.

आणि ‘एन’? तालीम? वाचकहो, मी ती केली नाही. एकच तर सोपा हुकूम होता.

पडद्यावरून ओळी भराभर वर सरकल्या. यंत्र प्रामाणिक; जे करते ते सांगते. एकेका फाइलीचे नाव आणि त्याआधी ‘डिलीटिंग’. आवाज नाही, धूर नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आठ रात्री पुसल्या गेल्या.

तासभर मी तसाच बसून होतो. मग फोन केला. ती ऐकून घेत राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, “तालीम नाही केली का जी सर?”

“नाही.”

“होते जी,” ती म्हणाली. “लॅपटॉप जिता आहे अजून. आज रात्री पुन्हा लावते.”

शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे त्या दिवशी मला नीट कळले.

दुसरी फेरी

दुसऱ्या फेरीत तिने एक शहाणपणा केला, जो आम्हांला पहिल्या फेरीतच सुचायला हवा होता. फाइली नावाच्या क्रमाने न पाठवता महत्त्वाच्या क्रमाने पाठवल्या. जे वारले त्यांचे आवाज आधी. मग जे फार थकले आहेत त्यांचे. धडधाकट माणसांचे शेवटी. आणि मी रोज सकाळी, आधी तालीम करून, आदल्या रात्रीचा माल चंद्रपूरला उतरवून घेऊ लागलो. तालमीत एकाही ओळीपुढे ‘डिलीटिंग’ दिसत नाही ना, हे बोट ठेवून पाहायचे. देवपूजेसारखा नेमच झाला तो.

मध्यंतरी नाला उतरल्यावर तिने एका पोराला एटापल्लीला पेन ड्राइव्ह आणायला धाडले. पण पाणी पुन्हा चढले आणि तो तिकडेच अडकला.

सात रात्रींत तीस फाइली झाल्या. आठव्या रात्री आणखी दोन गेल्या, आणि टिकटिक थांबली. डिस्क बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन परतला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

चौतिसांपैकी बत्तीस. भूमियांचा आवाज पहिल्याच रात्री पोचला होता.

राहिलेल्या दोन आवाजांतला एक एका आजीबाईंचा. त्या खणखणीत. पाऊस उघडल्यावर त्यांनी सगळे पुन्हा सांगितले. उलट पहिल्यापेक्षा दोन देवांची भर घातली. दुसरा आवाज होता तो एका आजोबांचा. धडधाकट म्हणून त्यांना शेवटी ठेवलेले. आणि त्याच श्रावणात त्यांना लकवा झाला. वाचा गेली. माझ्या हातून ती वजाबाकी चुकली नसती, तर त्यांचा तासभर आवाज आज तीन ठिकाणी असता. ह्या हिशेबातून सुटायला मला जागा नाही, आणि मी ती शोधतही नाही.

कार्तिकात मी गावी गेलो. आष्टीला वैनगंगा ओलांडून, आलापल्लीवरून. ग्रामसभा भरली होती. उभा राहून मी झालेले सगळे सांगितले. मुलीने ते माडियात सांगितले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एका म्हाताऱ्याने काही विचारले. ती हसली आणि मला म्हणाली, “आता ते आवाज किती घरी आहेत, म्हणून विचारून रायले.”

मी बोटे दाखवली : तीन. एक तुमच्या नव्या लॅपटॉपात, एक दूरच्या खोलीत, एक माझ्या घरी.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

संध्याकाळी ती मला त्या वाचा गेलेल्या आजोबांकडे घेऊन गेली. त्यांच्या बोलण्याचे तिने त्या वेळी पानभर टिपण केले होते; मधले मधले तुटक. ती त्यांच्याजवळ बसून टिपणातले एकेक नाव वाचत होती. हा नाला? आजोबा मान हलवीत. हा दगड? मान हले. एका नावाला मान हलली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. तिने तिथे खूण केली, शेजारच्या पाड्यावरचे दुसरे नाव घेतले. नाही. तिसरे घेतले. तेव्हा मान हलली, आणि तिने तेवढेच खोडून नवे लिहिले. जे जुळले ते तसेच ठेवायचे आणि फरक तेवढाच लिहायचा, असे चालले होते. रात्र पडेपर्यंत अर्धे पान झाले. उरलेले दुसऱ्या दिवशी करू, असे म्हणून तिने वही बंद केली, आणि घरी जाताच पहिले काम म्हणून त्या पानाची प्रत तिन्ही ठिकाणी पाठवली. त्याआधी तालीम केली. मी शेजारी उभा राहून पाहत होतो.